घराची हवा

दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या शिंपीणबाईंचा डोळा लागणार, एवढ्यात मागच्या बाकावरच्या दोघी बहिणींचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. धाकटी तणतणत होती.

“ताई, मागच्या महिन्यात त्या लॅमिनेटच्या फरशीच्या फळ्यांची खोकी आली ना, तर सासूबाई म्हणाल्या, दोन दिवस कुणी हात लावायचा नाही.”

“का गं?”

“कारागिरानं सांगितलं होतं. फळ्यांना म्हणे आधी घराची हवा मानवावी लागते. नव्या घरात आल्या होत्या ना बिचाऱ्या!”

“बरोबरच आहे. नाहीतर बसवल्यावर फुगतात.”

“आणि मी आले तेव्हा? दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ओट्यापाशी उभी होते. मला कुणी विचारलं, हवा मानवली का म्हणून?”

“अगं, फळ्यांवर काय जळतेस!”

“जळू नको तर काय करू? भिंतीच्या कडेला बोटभर जागा सोडलीय, महाराणींना अंग पसरायला. पोछा मारायचा तो घट्ट पिळून. ओरखडा उठू नये म्हणून खुर्च्यांच्या पायांना कापडाचे तुकडे चिकटवलेत. माझ्याशी कधी इतकं जपून बोलल्यात का सासूबाई?”

“जाऊ दे गं.”

“काल पाण्याचा तांब्या लवंडला. घरात कुणी नव्हतं. मी नुसती बघत उभी राहिले. म्हटलं, मुरू दे पाणी सांध्यात, फुगू दे मेलीला.”

“अगं बाई! मग?”

“मग काय! पुसलं. अंगावरच्या नव्या शालीनं.”

“शालीनं? फडकं नव्हतं का?”

“होतं की. पण ते खरखरीत आहे.”