एक्केचाळिसाव्या सेकंदाचा खोकला

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आजचे प्रमुख पाहुणे आणि ज्यांच्या धाकाने आमची विमानं नीट उतरतात ते आमचे वैमानिक सल्लागार कॅप्टनकाका, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या ताई, पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान आणि लेक, आणि या सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे आभार मानायची पद्धत आहे. पण खरं सांगायचं तर ही संधी मी हट्टाने मागून घेतली आहे. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली आहेत. मी त्याहून जास्त घेणार, हे त्यांनाही ठाऊक असावं, कारण त्यांनी हातातलं घड्याळ काढून आधीच खिशात टाकलं आहे.

मघाशी चहा घेताना ताईंचे यजमान मला म्हणाले, "बावीस वर्षं ही रोज सकाळी विमानाच्या कामाला म्हणून बाहेर पडते. इथं आलो तर एकही विमान दिसेना." त्यांच्यासाठी आणि बाकीच्या पाहुण्यांसाठी दोन शब्द सांगतो. विमान नाहीच. घरातल्या टेबलापाशी बसून कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ आम्ही बनवतो. आणि हा खेळ एकदा बनवला की संपला, असं होत नाही. दर सहा आठवड्यांनी त्याचं अपडेट निघतं. कधी ढग सुधारायचे, कधी धावपट्टीचे दिवे, कधी एखाद्या विमानाचं रुसलेलं चाक. शिवाय वर्षातून दोनदा ॲड-ऑन येतं, म्हणजे मूळ खेळाला वरून जोडायचं नवं विमान किंवा नवा विमानतळ. यात गमती काय कमी झाल्या? एका अपडेटमध्ये आम्ही पाऊस दुरुस्त केला, तर तो विमानाच्या आत पडायला लागला. एकदा खुर्च्या बदलल्या आणि सगळे प्रवासी पायलटकडे पाठ करून बसले. कॅप्टनकाका तेव्हा म्हणाले होते की एवढा अविश्वास त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

या सगळ्यात ताईंचं काम काय? तर आवाज. आपल्या खेळात तेवीस विमानं आहेत आणि तेविसांचे आवाज ताईंनी खऱ्या विमानांत बसून टिपलेले आहेत. अख्खं ऑफिस त्यांना कानताई म्हणतं. माईकला जुना टॉवेल गुंडाळून, पायातले बूट काढून, विमानाच्या दाराला गाल लावून बसलेल्या ताई मी पाहिल्या आहेत. आणि नव्या विमानाचं काम पुरं झालं की त्यांचा एक नियम असतो. सगळ्यांनी पडदे बंद करून खाली सतरंजीवर बसायचं आणि इंजिन सुरू होण्यापासून थंड होईपर्यंत अकरा मिनिटं नुसतं ऐकायचं. मध्ये जो बोलेल त्याने सगळ्यांना चहा करून द्यायचा. सहा वर्षांत सर्वांत जास्त चहा मी केला आहे.

आता माझं काम सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही. खेळणाऱ्यांच्या तक्रारी माझ्याकडे येतात आणि दोष शोधून ते पुसून टाकणं ही माझी नोकरी. मित्रांनी मला खोडरबर म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. आज तसा वाटत नाही, आणि ते सांगण्यासाठीच मी इथं उभा आहे.

मी लागलो त्याच वर्षीची गोष्ट. ताई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने रजेवर होत्या. एक तक्रार आली. आपल्या पिवळ्या, दोन माणसांच्या छोट्या विमानात इंजिन सुरू केलं की एक्केचाळिसाव्या सेकंदाला कुणीतरी खोकतं. तक्रार करणाऱ्याने खाली विचारलं होतं, विमानात भूत आहे का? मी हेडफोन लावून ऐकलं. खरंच, अगदी स्पष्ट, म्हाताऱ्या माणसाचा दबका खोकला. वीस मिनिटांत मी तो काढला. मागचा थोडा इंजिनाचा आवाज घेतला आणि त्यावर चिकटवला. अपडेटच्या यादीत ऐटीत लिहिलं, 'पिवळ्या विमानातला अनावश्यक खोकला काढून टाकला.' एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण अंगात उत्साह फार. त्या विमानाच्या जुन्या आवृत्त्या पडून होत्या, त्याही साफ करून टाकल्या. ज्यांच्या ज्यांच्या घरी ते विमान होतं, तिथं अपडेट आपोआप पोचलं.

आठवड्याने तक्रारींच्या पेटीत एक ओळ आली. ती मला आजही पाठ आहे. 'नवीन अपडेट आल्यापासून आमचे हे खोकत नाहीत, काही करता येईल का?'

आपण आत्ता हसलात. मीही हसलो होतो. चार जणांना दाखवून हसवलं. मग आपलं ठरलेलं उत्तर पाठवून दिलं. 'आपली तक्रार नोंदवली आहे. खोकला हा दोष होता व तो दूर करण्यात आला आहे. खेळाचा आनंद घ्या.'

पुढच्या सोमवारी ताई काठी टेकत कामावर आल्या. सवयीने त्यांनी आधी तक्रारी चाळल्या. ती ओळ वाचली, माझं उत्तर वाचलं आणि माझ्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, ओरडणार. त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, मिस्त्री होते ते."

ते पिवळं विमान ज्यांच्या मालकीचं होतं ते काका विमानांचे मिस्त्री. चाळीस वर्षं दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त करता करता त्यांनी मोडीतलं एक विमान उभं केलं होतं. ताई आवाज टिपायला गेल्या तेव्हा ते शेजारच्या खुर्चीत बसले. ताईंनी बजावलं होतं, श्वाससुद्धा जपून घ्या. बिचाऱ्यांनी चाळीस सेकंद दम धरला आणि एक्केचाळिसाव्याला खोकला आला. थंड इंजिन दिवसातून एकदाच सुरू होतं. एकदा तापलं की तो आवाज गेला. आणि दुसऱ्या दिवशी काका त्या विमानाचा पंखा उतरवणार होते. म्हणजे हाती आलं तेच ठेवायचं. ताईंनी नंतर खोकला काढून पाहिला होता, पण त्या जागी इंजिन पोकळ वाटायला लागलं. "आणि कुणीतरी आत बसलंय हे कळतं ना त्याने," असं त्या मला म्हणाल्या. वर्षभराने काका गेले. विमान विकलं गेलं, त्याचे सुटे भाग झाले.

ताईंनी त्या ओळीखालचा नंबर फिरवला आणि फोन दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडे काकांच्या पत्नी, आपण त्यांना आजी म्हणू. आजी अगदी शांतपणे बोलत होत्या. त्या नवऱ्याच्या विमानात कधी बसल्या नाहीत. "हे हजारदा म्हणाले, चल. मी म्हणायचे, माझे पाय जमिनीवर बरे." काका गेल्यावर सुनेनं घरच्या कॉम्प्युटरवर ते विमान घालून दिलं आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. रोज दुपारी साडेचारला, काका कामावरून यायच्या वेळेला, आजी तिथं बसायच्या. विमान उडवायच्या नाहीत. इंजिन सुरू करायच्या, खोकला ऐकायच्या आणि बंद करून चहा ठेवायला उठायच्या. त्यांच्याकडे काकांचा दुसरा कुठलाही आवाज नव्हता. फोटो होते, पण आवाज कुणी कधी टिपलाच नव्हता.

मी फोनजवळ तोंड नेऊन कसाबसा म्हणालो, "आजी, ते उत्तर मी लिहिलं होतं."

त्या म्हणाल्या, "असं का? लवकर दिलंत हो उत्तर."

त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते लागलं. ताईंनी त्यांना सांगितलं, "परत आणून देते." आणि मला म्हणाल्या, "ऊठ."

बोलून तर बसलो, पण आणायचा कुठून? तयार आवाज मी पुसला होता. उरल्या होत्या त्या मूळ फिती. ऑफिस बदललं तेव्हा त्या कुठल्या खोक्यात गेल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. जिन्याखालच्या खोलीत आम्ही तीन दिवस खोकी उपसली. ताईंना खाली बसता येत नव्हतं. त्या स्टुलावर बसून काठीने दाखवायच्या आणि मी काढायचो. चौथ्या दिवशी फिती सापडल्या, पण त्या तीन होत्या. एक माईक दारापाशी, एक खुर्चीमागे आणि एक काकांच्या पायाशी. तिन्हींत खोकला वेगळा. तीन आवाज कुठल्या प्रमाणात मिसळले होते, ते ताईंनी कुठंच लिहून ठेवलं नव्हतं. त्या कानाने करतात ना सगळं.

मग पहिलं मिश्रण तयार झालं, फोनवर ऐकवलं. आजी म्हणाल्या, "नाही हो. हा फार कोरडा आहे. आजारी वाटतात. ह्यांना आजारी म्हटलेलं खपायचं नाही." दुसरं ऐकवलं, तर म्हणाल्या, "हे लांबून खोकताहेत. परसातून खोकल्यासारखं." तिसऱ्याला त्या अवघडून म्हणाल्या, "चालेल हे, तुम्हाला किती त्रास द्यायचा." ताईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. फोन ठेवला आणि पुन्हा हेडफोन चढवले. मंडळी, ताईंच्या जागी मी असतो तर 'चालेल' ऐकून सुटलो म्हणालो असतो. ताई आणखी दोन दिवस बसल्या. गुडघा सुजला होता. मी बर्फाची पिशवी आणून द्यायचो आणि त्या ती विसरून जायच्या.

आठव्या दिवशी आम्ही चौथं मिश्रण ऐकवलं. इंजिन सुरू झालं, मी सेकंद मोजत होतो. एक्केचाळिसाव्याला खोकला आला. मग आजींचा आवाज आला, पण त्या आमच्याशी बोलत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पाणी प्या आधी."

ताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मी बाहेर जाऊन सगळ्यांना चहा केला, त्या दिवशी मध्ये कुणी बोललं नव्हतं तरी.

पुढच्या अपडेटच्या यादीत ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पिवळ्या विमानातला खोकला परत आणला. हा दोष नाही. हात लावू नये.' त्यानंतर आपल्या तक्रारींच्या नोंदीत 'हात लावू नये' असा एक वेगळा रकानाच सुरू झाला. नवीन लागलेल्या मंडळींनो, तो रकाना कुठून आला, हे तुम्ही नेहमी विचारता. तो असा आला. मी आजही दोष पुसतो, पण पुसण्याआधी 'हे कोण आहे' असं विचारतो. हे मला ताईंनी एकदाही न रागावता शिकवलं.

ताई, आता एक कबुली. तुमच्या फिती मला सांभाळायला दिल्यात, म्हणून गेला महिनाभर मी त्या सगळ्या ऐकल्या. इंजिन बंद होतं, पंखा थांबतो, तापलेला पत्रा टिकटिक करत निवतो. खेळात आपण आवाज तिथंच संपवतो. मूळ फिती मात्र पुढे चालू राहतात. आणि प्रत्येक विमानाच्या फितीच्या शेवटी, सगळे उतरून गेल्यावर, तुम्ही त्या विमानाशी हळूच बोलता. "दमलास ना रे? झालं हं आता." तेवीस विमानं आणि तेवीस वेळा हेच. यजमानसाहेब, आपण हसताय, म्हणजे हे घरीही चालतं असं दिसतं.

आम्हा पोरांचा बेत होता की उद्याच्या अपडेटमध्ये हे वाक्य प्रत्येक विमानाच्या शेवटी गुपचूप घालायचं. ताई मान हलवताहेत. ताई, मला माहीत होतं तुम्ही नाही म्हणाल. काका खोकले ते चुकून. आम्ही घातलं असतं ते ठरवून, आणि ठरवून घातलेला आवाज तुमच्या कानाला लगेच खोटा वाटतो. म्हणून नाही घातलं. तेवीसही विमानांच्या त्या फिती माझ्या टेबलाच्या खणात ठेवल्या आहेत आणि खणावर चिठ्ठी लावली आहे, 'हात लावू नये.' सोमवारपासून तुमची खुर्ची रिकामी असेल. काही दिवसांनी माझीच एखादी तक्रार पेटीत येईल, की नवीन अपडेट आल्यापासून आमच्या ताई बोलत नाहीत. तेव्हा मला ठरलेलं उत्तर कुणी पाठवू नये, मी तो खण उघडीन.

आता साडेचार व्हायला आले. आजी आज येणार होत्या, पण त्यांनी निरोप पाठवला आहे की, "ह्यांची यायची वेळ आहे, घरी कुणीतरी हवं." तेव्हा मीही आवरतं घेतो.

ताई, तुम्हाला निरोगी आणि निवांत आयुष्य लाभो. अध्यक्ष महोदय, पाहुणे, चहा आणि खुर्च्यांची सोय करणारे सहकारी आणि एवढा वेळ ऐकून घेणारे आपण सगळे, मी आपला ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर उदार मनाने पोटात घाला. आणि एक विनंती. ताईंनी सवयीने इथं टेबलावर रेकॉर्डर चालू करून ठेवला आहे, तो मला मघापासून दिसतो आहे. बोलताना दोन-तीनदा माझा आवाज फुटला. तो काढू नका, ताई. राहू द्या.