मयताशी नातं

आधी वेळ लिहा, हवालदार. मंगळवार, दुपारी सव्वाबारा. जागा — या दवाखान्याचं मागचं गेट, गेटाबाहेरचा सिमेंटचा बाक. ऊन त्रेचाळीस अंश. नाही, ‘दुपारच्या सुमारास’ चालणार नाही, सव्वाबाराच लिहा — समोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात ती बारा पंधराला रस्ता ओलांडताना दिसते, हातात डबा, डोक्यावर पदर. बाक त्या कॅमेऱ्यात येत नाही, नाहीतर मी इथं कशाला आलो असतो? एकतीस वर्षं बातमीदारी केली मी, जबाब कसा लिहितात ते मला शिकवू नका. आणि तो पंखा बंद करा, कागद उडतोय. राहू द्या, राहू द्या, चालू ठेवा — तुमचाही जीव आहे.

नाव लिहून घ्या. माझं आधी? बरं. सोमेश शमुवेल रणभिसे, वय छप्पन्न, राहणार शुक्रवार पेठ. आता तिचं. केसरबाई याकोब लोंढे. तुमच्या रजिस्टरात गेल्या मंगळवारपासून ‘अनोळखी स्त्री, अंदाजे पासष्ट’ लिहिलंय ना, ते खोडायला आलोय मी. अनोळखी! याच दवाखान्यात सत्तावीस वर्षं आया होती ती. कितीतरी डॉक्टरांनी तिच्या हातचा चहा प्यायलाय. रिटायर झाल्यावरही रोज यायची — ज्यांच्या उशाशी कुणी नाही अशा रोग्यांकडे. पेज भरवायची, नखं कापायची, पाय धुवायची. एक सवय होती तिची. पाणी पाजायच्या आधी नाव विचारायची. माणूस शुद्धीत नसला तरी कानाशी वाकून विचारायची, “नाव काय रं तुजं, बाबा? गाव कंचं?” म्हणायची, नाव न विचारता पाणी गुरालासुदा देऊ ने. आणि शेवटी तिलाच कुणी नाव विचारलं नाही, हवालदार.

मग आतल्या खाटेजवळ जायचं सोडून ती बाहेर बाकावर का बसली होती? बरोबर विचारलंत. चार महिन्यांपूर्वी तिला गेटबंदी झाली. कुणीतरी अर्ज केला, ही बाई रोग्यांना बाटवते म्हणून. मरणाऱ्याचा हात धरून ती प्रार्थना करायची, हे खरं. त्यानं आई म्हणून हाक मारली तर ओ द्यायची, विठ्ठल म्हटलं तर त्याला विठ्ठल म्हणू द्यायची, हेही खरं. पण हे दुसरं बातमीत आलं नाही. दोन कॉलम बातमी आली होती — ‘दवाखान्यात धर्मांतराचा प्रकार, असा आरोप’. ‘असा आरोप’ लिहिलं की आम्ही मोकळे. कुठल्या बातमीदारानं लिहिली? ते महत्त्वाचं आहे का? त्याला मोबाईलवर एक पत्रक आलं, त्यानं ते सरळ केलं, पुढं पाठवलं. बाईंना एक फोन केला नाही. नंबर नव्हता असंही नाही. ती चर्चमध्ये त्याच्या दोन बाकं पुढं बसायची.

हो. मीच. लिहू नका हे.

तिनं काय केलं म्हणता? काही नाही. अर्ज नाही, खुलासा नाही, पाळकांकडं तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी पेजेचा डबा घेऊन गेटावर आली. आत सोडत नाहीत म्हटल्यावर बाकावर बसली, वॉचमनला म्हणाली, “भीमाशंकर, मला नका सोडू, डब्याला तर सोडा.” भीमाशंकर डबा आत न्यायचा, खाटांवर वाटायचा, रिकामा आणून द्यायचा. कसा धुवायचा हे तो आणि देव जाणे, कारण ती रोज म्हणायची, “ह्यो धुतलाय व्हय? माझी म्हस यापेक्षा बरं चाटती.” चार महिने हे चाललं. आमची चर्चची मंडळी तिच्यापासून जरा लांब सरकली, हे मी पाहत होतो. पवित्र जीवन, प्रेमाचं जीवन — तासतास बोलतो आम्ही त्यावर. मी स्वतः युवकांपुढं बोललोय, टाळ्या घेतल्यात. पण पेपरात नाव आलेल्या बाईशेजारी बसायचं म्हटलं की प्रत्येकाला आपली नोकरी आठवते.

आता ऐका. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं — भाकर आणि प्याला. रीत अशी की मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी त्याच्याकडे जायचं, मिटवायचं, मग भाकर घ्यायची. जुनी माणसं शनिवारी घरोघर जाऊन यायची. आता कोण जातं? ती आली. शनिवारी सकाळी दहाला, माझ्या दारात. मी पडद्यामागं. मला वाटलं जाब विचारायला आली, आणि एकतीस वर्षं मंत्र्यासंत्र्यांना जाब विचारणारा मी — बायकोला हातानं खूण केली, नाही म्हणून सांग. तेजश्रीनं सांगितलं, घरी नाहीत. बाई पायरीवर टेकली. पाणी प्यायली. म्हणाली, “पोरी, तुज्या मालकाबद्दल माज्या मनात लई राग हाय. तो घिऊन उद्या प्रभूच्या मेजाजवळ कसं जाऊ? त्यांनी मला माफ करावं, यवढंच सांगायला आले हुते. मी बसते जरा, येत्याल का ते?” ती माझी माफी मागायला आली होती, हवालदार. मी तिचा गुन्हेगार, आणि माफी ती मागत होती. वीस मिनिटं बसली. वीस मिनिटं मी पडद्याची शिवण पाहत उभा होतो. पडदा बाजूला सारायला किती जोर लागतो?

रविवारी ताट फिरलं. तिच्यापर्यंत आलं. तिनं दोन्ही हातांनी धरलं, आणि न घेता शेजारणीकडं दिलं. प्यालाही तसाच. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. का, ते त्या चर्चमध्ये तेजश्री सोडली तर एकट्या मला माहीत होतं. मग ताट माझ्या बाकावर आलं.

मी घेतलं. भाकर घेतली, प्याला घेतला, डोळे मिटले. हेही नका लिहू. नाही — थांबा. लिहा. सगळंच लिहा आता.

मंगळवारी ती त्या बाकावर बसल्याबसल्या गेली. तीन चाळीसला एका रिक्षावाल्यानं ओरडा केला तेव्हा आत नेली, दाखल करण्यापूर्वीच मृत. मागे नवरा नाही, मूल नाही, शेजाऱ्यांना वाटलं गावाला गेली. बुधवारी तुमच्याच चौकीतून पत्रकारांच्या ग्रुपवर फोटो आला — अनोळखी मृतदेह, ओळख पटवण्याचं आवाहन. आमच्याकडं ते काम कुणाचं, विचारा. माझं. असे आठवड्याला तीन येतात. मी फोटो उघडतच नाही, खालचा मजकूर उचलतो, चार ओळी करतो. ‘उंची पाच फूट, निळी साडी, डाव्या मनगटावर क्रूसाचं गोंदण.’ मी माझ्या हातानं क्रूसाचं गोंदण असं टाइप केलं, आणि पुढच्या बातमीला लागलो. फोटोला जागा नव्हती, मजकूर तेवढा गुरुवारी छापून आला. बहात्तर तास तुम्ही वाट पाहिली, नियमाप्रमाणे. शनिवारी पालिकेनं पुरलं. रविवारी पाळकांनी विचारलं, बहीण केसरबाई दिसत नाहीत? तेव्हा मी चर्चमध्ये बसून मोबाईल काढला, आणि तो फोटो उघडला.

आता हा तुमचा रकाना. ‘मयताशी नाते’. रिकामा नाही ठेवता येत? माहीत आहे, नाव बदलायला आणि तिला आमच्या दफनभूमीत आणायला ओळख पटवणारा लागतो, त्याचं नातं लागतं. आम्ही एकमेकांना बहीण म्हणतो, भाऊ म्हणतो, दर रविवारी, तोंड दुखेपर्यंत. भाऊ लिहू? पडद्यामागचा भाऊ? ‘ओळखीचा’ लिहा. नाही, तेही खोटं आहे. मी सही करतो, तो रकाना तुम्ही भरा. तुम्ही ऐकलंय सगळं.

हं, सही झाली. माझा जबाब संपला. आता तुमचा पंचनामा काढा, तीन पंचेचाळीसला बाकाशी उभं राहून लिहिलेला, चौथी ओळ. तुमचंच अक्षर आहे, वाचा. ‘मयत बसलेल्या बाकावर एक स्टीलचा डबा, झाकण उघडे, रिकामा, धुतलेला, आतून ओला.’ भीमाशंकर सोमवारपासून रजेवर आहे, अक्कलकोटला, मी खात्री केली. या उन्हात उघडं भांडं ओलं किती वेळ राहतं, शिवयोगी हवालदार? दहा मिनिटं? पेज आत गेली, कुणाकुणाच्या पोटात गेली, चांगलंच झालं. पण साडेतीननंतर कुणीतरी डबा स्वच्छ धुतला, बाहेर आलं, तिच्याशेजारी ठेवला, आणि आत निघून गेलं. पंख्याकडं बघू नका. मी गेटावरच्या सगळ्यांना विचारलं, वॉर्डातल्या सगळ्यांना विचारलं.

डबा मी ठेवला, असं अजून कुणीही म्हटलेलं नाही.