साहेबांची खुर्ची

नाही नाही, त्या खुर्चीवर नको ताई, तिचा वेत ओला आहे, तुमचे कपडे खराब होतील — ही घ्या, खिडकीजवळची. बसा. टेकून बसा, काही होत नाही तिला. आणि जरा हळू बोला, आमची ही आत पडली आहे, दुपारचा तेवढाच तिचा डोळा लागतो. हं, काय विचारत होतात? या भागात सुरक्षित वाटतं का. आणि उत्तरं कोणती म्हणालात — खूप, बऱ्यापैकी, कमी, अजिबात नाही. आता असं बघा, कोपऱ्यावर मोठा फलक लागलाय, या भागातले गुन्हे वर्षभरात निम्म्यावर आले म्हणून. मी उभं राहून सगळा वाचला. मला वेळ लागतो वाचायला, चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, पण वाचतो मी, अक्षर न् अक्षर वाचतो. मग घरी येईपर्यंत बोटांवर मोजत आलो. शिंप्याची सायकल गेली. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचं घर भरदिवसा फोडलं. औषधवाल्याच्या दुकानात शिरून त्याच्या थोबाडीत मारली आणि फोन नेला. आमच्या हिचं तर — ते जाऊ दे. एवढं होऊन निम्मं, तर आधी काय चाललं होतं हो? आम्ही जिवंत कसे राहिलो?

हसा, हसा. मीही हसलो होतो, एकटाच, रस्त्यात.

पुढचा प्रश्न? वर्षभरात घरातल्या कुणाच्या बाबतीत गुन्हा घडला का. हो लिहा. घडला. आठ महिने झाले. सकाळी अकराची वेळ, भाजी घेऊन येत होती ती, घर हाकेच्या अंतरावर. मागून मोटारसायकलवर दोघं आले आणि पर्स ओढली. सुटली असती तर बरं झालं असतं, पण पट्टा मनगटात गुंतलेला — चार पावलं फरफटत गेली ताई, अडुसष्ट वर्षांची बाई. मनगट मोडलं, हनुवटीला टाके पडले. आणि पर्समध्ये काय होतं? चष्मा, घराची किल्ली आणि खोकल्याच्या गोळ्या. कुलूप बदललं, चष्मा नवा केला, मनगटही आलं जागेवर. पण ती काही बाहेर पडत नाही. दारापर्यंत जाते, चपला घालते, उभी राहते, चपला काढते, परत येते. आठ महिने हेच. मी आपला वेत विणत बसतो आणि न बघितल्यासारखं करतो.

तक्रार? केली तर. दुसऱ्याच दिवशी चौकीत गेलो. नंबरही आहे — पण तो तुमच्या कामाचा नाही. का म्हणजे, त्या नंबरावर चोरी नाहीच. त्या नंबरावर लिहिलंय, तोल जाऊन पडल्या, पर्स गहाळ झाली. शिंप्याची सायकलही गहाळच. मास्तरीणबाईंना म्हणाले, तुम्हीच कुठंतरी ठेवून विसरला असाल, घरात नीट शोधा. असे आलेत बघा निम्म्यावर! मी सही का केली? — घाई होती हो, मागं माणसं उभी, साहेब सारखे घड्याळाकडे बघत होते, मला वाचायला वेळ लागतो — झाली सही.

नाही. तुम्ही लिहून घेताय, तर खोटं कशाला सांगू. वाचला होता मी तो कागद. ‘गहाळ’वर बोट ठेवलं होतं. तोंड उघडणार, एवढ्यात साहेब म्हणाले, काका, काय काम करता तुम्ही? म्हटलं, खुर्च्या विणतो. आता मी ज्या खुर्चीवर बसलो होतो ना, तिचं बूड पार फाटलेलं, वर आपली उशी टाकलेली. गेल्यापासून मी ती खालून चाचपत होतो. जुनं सागवान, हात असे गोल घडवलेले — तशी खुर्ची आता कोणी करत नाही. साहेब म्हणाले, ही होईल का दुरुस्त? ताई, असं मला कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. लोक प्लास्टिकची घेतात, मोडली की टाकतात. मी लागलो सांगायला — वेत भिजवायचा कसा, भोकाभोकातून ओढायचा कसा, वाळला की तो आपला आपणच कसा ताणून बसतो. साहेब ऐकत होते. चहा मागवला. आणि बोलता बोलता पेन माझ्या हातात. सही केली आणि खुर्ची डोक्यावर घेऊन घरी आलो. डोक्यावर! भररस्त्यातून, मिरवत! घरात ही हाताला प्लास्टर घालून बसलेली.

हो. हीच. तुम्ही बसलाय ती. अहो उठू नका, तिचा काय दोष?

घरात पाऊल टाकलं तर पहिला प्रश्न — घेतलं का सगळं लिहून? म्हटलं, अक्षर न् अक्षर. खुर्ची कुणाची? म्हटलं, गिऱ्हाइकाची. विणून झाल्यावर खिडकीत वाळत ठेवली, तर ही येऊन तिच्यात बसली. म्हणाली, काय छान झालीय हो, पाठीला आधार मिळतो, ही परत देऊ नका. तेव्हापासून रोज तिथंच. तिथून रस्ता दिसतो, तेवढंच तिचं बाहेर जाणं. मी कशी परत देऊ? आणि आता महिनाभर काय विचारते माहितीये? अहो, मी आपली आपणच तर नव्हते ना पडले? कुणी बघितलंही नाही. शेजारीण म्हणते, आपल्याकडे आता असलं काही होत नाही, फलक लागलाय. मी म्हणतो, साहेबांनी लिहिलंय ना, ओढली म्हणून! मग म्हणते, दाखवा तो कागद. मी म्हणतो, सापडत नाही. — म्हणजे बघा, गहाळ करायला मीही शिकलोच.

चौकीतून दोनदा निरोप आला, खुर्ची पाठवा. सांगितलं, तुमचीही खुर्ची गहाळ झाली असं लिहून टाका, सही करायला मी येतो! — छे, कुठला सांगतोय. मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, साहेब, वेत अजून ओला आहे. आठ महिने ओला!

लिहा तुम्ही. पेन्सिल ठेवा ती, पेनानं लिहा. चोरी, एक. वस्तू, खुर्ची. चोराला रकाना नाही? मग आखा रकाना. आणि त्याच्या वर, आधी, मोठ्या अक्षरात लिहा — पर्स ओढली. पडली नाही ती. ओढली, फरफटत नेली, आणि तिच्या नवऱ्यानं चहा पिऊन —

अगं! तू कधी उठलीस?

काही नाही, या बाई आल्यात, सर्व्हेच्या... किती वेळ उभी आहेस तिथं? — ताई, उठा. झालं तुमचं. बाकीचं तुमच्या मनानं भरा, या आता. दार ओढून घ्या जाताना. — ये, तू ये. बस. तुझीच आहे, ये ना. कागद दाखवतो, आत्ता दाखवतो, आधी बस तरी...

तो मोडलेला हात जमिनीला टेकू नकोस — अगं, खाली का बसतेस?