तेजूचे उंदीर आणि दिपकचं मशीन

हॅलो?… कोण?… जय भीम अक्का, जय भीम! बोल की… हो, मी वैजूच. आवाज बसलाय जरा… तेजू? हितंच आहे, आतल्या खोलीत. काल पुण्याहून आली. पण ती नाही उचलायची फोन… अगं, आजारी कशाला असेल! रुसलीय… आमच्यावर नव्हे, स्वतःवर.

ते सांगतेच. आधी तू सांग, विहारासमोरचा तो फ्लेक्स आहे का अजून?… तोच गं. 'हृदयरोगावर औषध शोधल्याबद्दल तेजश्रीचे हार्दिक अभिनंदन.' उंदराचा फोटो तिच्यापेक्षा मोठा… व्हय, देखणा होता उंदीर, मी कुठं नाही म्हणतेय? पण उतरव तो… वारा नाही, पाऊस नाही. अक्का, ते औषध नाही निघालं.

नाही निघालं म्हणजे नाही निघालं… अगं ऐक ना. ऐक तर… तू आधी रडून घेतेस का? मी थांबते… बरं. मग ऐक.

आणि गुरुवारी तुझ्या दिपकच्या छातीत ते मशीन बसवायचंय ना?… काय? रद्द?… कधी सांगितलंस दवाखान्यात?… सोमवारी! कुणाला विचारून?… फ्लेक्सला विचारून? अक्का, तो फ्लेक्स तूच लावलास, मजकूर तूच सांगितलास, आणि त्यावर विश्वासही तूच ठेवलास! धन्य आहे तुझी.

नाही, हसत नाही मी. सांगते… तू ब्लाउज बेततेस ना? नको ते कापड काढून टाकायचं, कामाचे तुकडे जोडायचे. तसा एक कारागीर शरीरात असतो. जीनवरून जो निरोप उतरतो त्यातले फालतू तुकडे तो गाळतो, कामाचे जोडतो. दिपकमध्ये तो कारागीरच बिघडलाय. बाहीच्या जागी गळा लावतोय. म्हणून हृदय फुगलंय त्याचं… व्हय, भावजींकडूनच आलंय ते. आपल्याकडचं नाही.

तर तेजू पुण्याच्या लॅबमध्ये उंदरांत तो कारागीर बंद करून बघते… मुळापासूनच बंद केला तर पिल्लं पोटातच जातात की! उजनी धरणाचं पाणीच तोडलं तर अख्खं सोलापूर मरेल. म्हणून आमच्या शुक्रवार पेठेचाच तेवढा व्हॉल्व्ह बंद करायचा. म्हणजे फक्त हृदयात, तेही उंदीर मोठा झाल्यावर, इंजेक्शन दिलं की… हो, इतकं जमतं त्यांना. मलाही आधी खोटंच वाटलं होतं.

बंद केला, हृदयं फुगली. मग ते औषध दिलं, हृदयं जागेवर आली. सगळे खूश. तू फ्लेक्स लावलास.

आता चूक कुठं झाली… तुझ्या अंगणात मेथीचा वाफा आहे ना? समज, व्हॉल्व्ह बंद करणारा माणूस आला आणि वाफ्यातून तुडवत गेला. रोपांनी माना टाकल्या. आपण म्हटलं, पाणी बंद झालं म्हणून. मग खत घातलं. दोन दिवसांनी रोपं उभी राहिली. आपण म्हटलं, खतानं… बरोब्बर! माणसाच्या पायांनी पडली होती, आपली आपण उठली. पाण्याचा संबंध नाही, खताचा नाही.

कसं कळलं म्हणजे? तिनंच शोधलं. ज्या उंदरांत बंद करायला काही नव्हतंच, त्यांच्यात नुसता तो माणूस, म्हणजे ते बंद करणारं इंजेक्शन, सोडून बघायला हवं होतं. ते आधी राहून गेलं… राहून गेलं गं, मान्य आहे. घाई झाली, तिच्या लॅबच्या सरांनाही झाली. आणि औषध न दिलेल्या उंदरांची हृदयं लगेच काढून तपासली. थोडं थांबले असते तर तीही बरी होताना दिसली असती. आता तिनं तेवढं करून बघितलं. हृदयं तशीच फुगली, तशीच बरी झाली. औषधाचा थेंबही न देता.

सरांना स्वतः जाऊन सांगितलं. छापायला दिलेला लेख मागं घेतला… व्हय, मागं. तिचं नाव पहिलं होतं त्यावर. परदेशातली जागाही त्याच लेखावर मिळणार होती… आता कुठली?

बोल, तूही बोल. काल तिचे बाबाही हेच म्हणाले, गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? मी म्हटलं, खरंय, कुणालाच नसतं कळलं… दिपकला कळलं असतं, अक्का.

काय, मूर्ख? नाही, माझी पोर हुशारच आहे. तुझं म्हणणं मी लक्षात ठेवलंय, लग्नाकार्यात वसूल करीन… अगं, चिडू नकोस. गुरुवारचं बोल. डॉक्टरांना फोन कर, म्हणावं चुकलं, येतोय आम्ही… त्याला काही दुखत नाही, हमालाच्या बरोबरीनं पोती उचलतो, मला माहितीय. भावजींना तरी काय दुखत होतं? बार्शी स्टँडवर उभ्याउभ्या गेले. चहाचा कप हातात होता… मला का सांगावं लागतंय हे तुला?

मशीन बरं करत नाही, ते खरंय. ठोके बिथरले तर झटका देऊन ताळ्यावर आणतं, तेवढंच. पण तेवढंच हवंय आपल्याला.

काय?… परत म्हण.

हो, उंदीर आपोआप बरे झाले. मीच म्हटलं आत्ता… नाही, अक्का. नाही गं… मी समजले तू काय विचारतेयस. दिपकचं तसं नाही व्हायचं… कारण उंदरांना बाहेरून लागलं होतं, तेजूनंच लावलं होतं. ते ओसरलं. दिपकचं जन्माचं आहे. त्याच्यात कुणी तुडवून गेलेलं नाही… नाही, तेजूला विचारून काही बदलणार नाही. तिला विचारू नकोस हे. माझ्यावर सोड… शिव्या द्यायच्या तर मला दे.

अक्का?… कुणाला हाक मारतेस?… दिपकला? घरी आहे तो?… कशाचा नंबर?… हो. हो, तोच, दवाखान्याचा. गुरुवारच म्हण, दुसरी तारीख घेऊ नकोस. नाहीच म्हणाले तर मला सांग, मी बोलते त्यांच्याशी… नाही, आता मला धरून ठेवू नकोस. दवाखान्यातले जेवायला जातील. ठेव. मीच ठेवते.