बाबांनी दिलेली चावी

पापडीच्या थांब्यावर एसटीच्या रांगेत, वसुंधरा नावाच्या एका प्रवासी बाईच्या पुढेच, जयवंत मिस्त्रींनी गोधडीत गुंडाळलेला चावीचा ग्रामोफोन विठ्ठलच्या हातात ठेवला.

“दुरुस्त नाही केला. आधी सांगा, शेवटची चावी कोणी दिली होती?”

“बाबांनी. ते गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. नंतर कोणी हातच लावला नाही.”

“उघडण्याआधी स्प्रिंग सैल करावी लागते, म्हणून ब्रेक काढला. तर तबकडी फिरायला लागली.”

“चावी न देता?”

“त्यांनी दिलेली होती ना. मी लगेच ब्रेक लावला.”

“म्हणजे अजून उरलीय?”

“थोडी आहे. आई आहेत ना घरी?”

“आहे.”

“मग त्यांच्यासमोर ब्रेक काढा. दुरुस्तीला नंतर आणा.”

एसटी आली. विठ्ठल चढला नाही.

“गर्दीत धक्का लागेल,” म्हणाला, आणि होळी गावातल्या घराकडे पायीच निघाला. वसुंधरेने रांगेतली जागा सोडून त्याला वाट दिली.