डाळीएवढं आमिष

ज्या कुणी पहिल्यांदा मासे धरायच्या गरीला लिंबाएवढा कणकेचा गोळा लावला ना, त्यानं अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याचं डोकं नासवलं! नाव घेत नाही, मला ठाऊकही नाही, पण दोष त्याचाच! अहो, गरवायला बसायचं की पाण्यात जेवणावळ घालायची? मासा येतो, गोळ्याला ओठ लावतो, आत लोखंड आहे हे ओळखतो, थुंकतो आणि जातो... आणि काठावरचा शहाणा म्हणतो, "आज वारा पडलाय." वारा! पाण्याखालच्या माशाला वारा! आमिष कसं हवं? डाळीएवढं, तुम्हाला सांगतो, डाळीएवढं!

आता तुम्ही म्हणाल, हा मांडवीच्या हरिश्चंद्र तांडेलाचा मुलगा, बी. ए. झालेला, दारात एवढा समुद्र, आणि हा नदीतल्या खवलीच्या मागे कशाला? आमचे बाबा तेच म्हणत. "नदीतला मासा म्हणजे खवले चिकटवलेला चिखल!" पण मला खवली नको होती हो, मला शाळा हवी होती! खलाशांच्या पोरांची शाळा! जन्मभर दुसऱ्याकडून पत्र वाचून घ्यायचं, हे किती दिवस चालायचं? आणि जागा एकच, बाबांची जाळी ठेवायची खोप. मी मागितली. बाबा म्हणाले, "जाळ्यांच्या जागी पाट्या? पावसाआधीची शेवटची आगबोट धर, मुंबईस जा, गिरणीत कारकून हो. इथं राहून तुला येतंय काय?"

येतंय काय! तिथे माझं डोकं फिरलं आणि मी बोलून गेलो, "काजळी नदीच्या डोहातली ती मोठी खवली, जी आजवर कुणाला लागली नाही, ती मी चण्याच्या एका डाळीवर धरून आणतो!" बाबा इतके हसले की पान गिळून बसले. मग डोळे पुसत म्हणाले, "आण. आणलीस तर खोप तुझी. न्हायतर आगबोट."

माझी काही थाप नव्हती, बरं का! लांज्याच्या वाटेवर त्या डोहाशी मी पोटावर पडून पडून पाहिलं होतं. खवली मोठा घास संशयानं चाखते, पण बारीक कण दिसला की सुर्रकन ओढून घेते. म्हणजे डाळ गरीत खुपसायचीच नाही! गरी उघडी ठेवायची आणि डाळ तिच्याशेजारी केसानं बांधायची. मासा डाळ ओढतो, मागोमाग गरी आत, थुंकायला जातो तर टोक ओठात! आहे की नाही? पण बांधायला केस हवा, लांब आणि चिवट, आणि माझे तर कॉलेजच्या न्हाव्यानं पेरभर ठेवलेले. आईला म्हटलं, एक केस दे.

"केस? मेल्या, कुणावर करणी करतोस?"

अहो, विंचरताना निघालेला गुंतादेखील ती चुलीत घालते, वाऱ्यावर जाऊ देत नाही! शेजारच्या काशीआत्याकडे गेलो, तिनं दारच लावलं. चहा उकळेपर्यंत वाडीभर झालं, "सगुणेचा बाळा कालेजात मंत्र शिकून आला गो!" मी रस्त्यानं निघालो की बाया पदर डोक्यावर ओढून घेत. हा देश स्वराज्य मागतोय! एका केसाला घाबरणारा!

शेवटी बाबा ओसरीवर बसले, टोपी काढली आणि मान पुढे केली. "घे. शेंडीतला घे. उद्या म्हणशील, बापसानं केस दिला न्हाय म्हणून हरलो."

काय केस होता! पांढरा, खाऱ्या वाऱ्यात मुरलेला! सुईनं भिजवलेल्या डाळीला भोक पाडलं, केस ओवला, गरीच्या दांड्याला गाठ मारली, मध्ये भाताच्या शिताएवढं अंतर. डाळीएवढं, तुम्हाला सांगतो, डाळीएवढं!

डोहावर बाबा आले आणि त्यांच्या मचव्यावरचा खलाशी सखाराम आला, आपला कणकेचा गोळा घेऊन. मी बसलो. ऊन चढलं. सखाराम विचारतो, "बाळा, डाळ शिजली काय रे?" माझ्या कानांत आगबोटीचा भोंगा... आणि दोऱ्याला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा बोरूचा तुकडा एकदम नाहीसा! काठी वाकली, दोरा डोहभर फिरला, आणि आमचे बाबा, नदीला चिखल म्हणणारे बाबा, कमरेपर्यंत पाण्यात! "ढील दे! ढील दे रे! आता घे! मेल्या, नांगर उचलतोस काय, हळू!"

हातभर खवली! गरी खालच्या ओठात, आणि डाळ? डाळ केसावर तशीच लोंबत होती! मी ती डाळ सखारामाच्या नाकासमोर धरली. का नाही धरणार?

बाबांनी घरी कोकम घातलेलं कालवण दोनदा घेतलं, "चिखल बरा हाय" म्हणाले, आणि सकाळी स्वतः खोप रिकामी केली. वाडीत मात्र सांगत सुटले, "माझ्या शेंडीच्या केसावर हातभर मासा!" बाबा, केस डाळ धरतो, माशाला गरी धरते! पण ऐकतो कोण?

असो. पाऊस लागला, मचवे वर ओढले, समुद्र बंद झाला, आणि मी शाळा उघडली. भिंती सारवल्या, काळ्या फळीवर टपोरा अ काढला. दार लोटलं गेलं... आणि आत सखाराम! त्याच्यामागे वाडीतले सगळे खलाशी, एकेकाची मिशी अशी, हातात बारीक गरी आणि पानात भिजवलेली डाळ. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसले. म्हटलं, "अहो, इथं अक्षरं शिकवणार आहे!" तर म्हणे, "आधी ती गाठ दाखव."

काय करता? अ पुसला आणि गरी काढली. आणि शिकवलं, तुम्हाला सांगतो, असं शिकवलं की एकाचीही गाठ सुटली नाही! शेवटी हात जोडले, "अहो, उद्या तरी आपापल्या पोरांना पाठवा. शाळा त्यांची आहे!"

सखारामानं खोपीभर नजर फिरवली, मांडी जरा आवरून घेतली आणि म्हणाला, "पोरं आली तर आम्ही बसायचं कुठं, मास्तर?"