खोबऱ्याच्या केकचा चोर

शिकागोत आमच्या वस्तीत काळ्या लेखकांच्या पुस्तकांचं दुकान आहे. फेब्रुवारी हा अमेरिकेत काळ्यांच्या इतिहासाचा महिना, तेव्हा तिथे रांग लागते; मार्चात मालकीण एकटीच माश्या मारत बसते. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रांगेत माझ्यापुढे चर्चमधल्या दोघी होत्या: शिफारशींची यादी घेऊन आलेली वर्नेटा आणि नातीसाठी पुस्तक शोधणारी अर्लीन.

“हे घे. यादीत पहिलं आहे.”

“यातल्या पोरीचं काय होतं?”

“गुलामांच्या बाजारात आई विकली जाते.”

“आणि त्या दुसऱ्यात?”

“बाप तुरुंगात. अगं, आपला इतिहास आहे तो!”

“इतिहास मी घरी सांगते. नऊ वर्षांची पोर विचारते, ‘आजी, पुस्तकात आपल्याला कधीच मजा का येत नाही?’ वाचणंच सोडलंय तिने.”

“लाडावून ठेवलीयस.”

“आणि तू बुक क्लबात मोठ्यांना रडवतेस. मागच्या कादंबरीला खाणं तसंच राहिलं, रुमाल तेवढे संपले.”

“मग तुझ्या हातात काय दिव्य आहे?”

“चर्चच्या सहलीत खोबऱ्याचा केक चोरीला जातो. एक मुलगी चोर शोधते. आपल्याच बाईने लिहिलंय.”

“आणि संशय कोणावर?”

“चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनवर.”

“शोभतं का हे? माझा नवरा डीकन आहे! आण इकडे, बघू काय अकलेचे तारे तोडलेत.”

रांग पुढे सरकली. वर्नेटा सरकली नाही.

“ओ बाई, पुढे व्हा!”

“वर्नेटा, दे ते. माझा नंबर आलाय.”

“थांब गं! डीकनच्या मिशीला खोबरं लागलंय. मला ठाऊकच होतं.”